जागा देणे आहे, घुबडासाठी

१८१३ साली इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात एका जमीनदाराने आपल्या वाड्याच्या पडक्या वेशीवर दगड-चुन्याचा एक कोनाडा बांधून घेतला. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद. आत ओकच्या लाकडाचा एक जाड दांडा पक्का बसवला. हा कोनाडा देवासाठी नव्हता आणि दिव्यासाठीही नव्हता. तो घुबडांसाठी होता. जमीनदाराचे नाव चार्ल्स वॉटरटन, वाड्याचे नाव वॉल्टन हॉल. काम पूर्ण झाल्यावर महिन्याभरात गव्हाणी घुबडांची एक जोडी तिथे राहायला आली. घुबडासाठी माणसाने मुद्दाम घर बांधून दिल्याच्या ज्या नीट लिहून ठेवलेल्या हकिगती आहेत, त्यांतली ही अगदी सुरुवातीची एक.

वॉटरटन हा विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत तो वर्षानुवर्षे अनवाणी भटकला. परत आल्यावर त्याने आपल्या जमिनीभोवती सुमारे ३ मैल लांबीची, आठ फुटांहून उंच भिंत घातली आणि आत बंदूक चालवायला बंदी केली. शिकारी आणि कोल्हे बाहेर, पक्षी आत. अभयारण्य हा शब्द तिकडे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण मला त्या भिंतीपेक्षा कोनाड्याची हकिगत जास्त आवडते, कारण तिच्यात एक म्हातारी बाई आहे.

ही बाई वॉटरटनच्या घरची कारभारीण. घुबडाचा आवाज आला की कुणाच्या तरी घरात आजारपण किंवा मरण येते, हे तिला पक्के ठाऊक होते. अशी घरे तिने पाहिली होती. तिच्या धास्तीमुळे १८१३ पर्यंत त्या वाड्यात घुबड दिसले की रखवालदार ते मारून टाकत असे. कोनाडा झाल्यावर वॉटरटनने रखवालदाराला दम भरला: पक्ष्यांना किंवा पिल्लांना हात लावलास तर गळा दाबीन. आणि कारभारणीला सांगितले, की हे नवे भाडेकरू जे काही रोग, दुःख, अरिष्ट घेऊन येतील त्या सगळ्याची जबाबदारी मी स्वतःवर घेतो. तिने मान लववून मालकाची इच्छा मान्य केली. पण तिच्या डोळ्यांत मात्र, आता या घराचे काही खरे नाही, असेच भाव होते. हे वॉटरटननेच पुढे आपल्या निबंधात मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे.

गेल्या वर्षी पुण्यात आमच्या वसाहतीलगतच्या बागेत घुबडाची पेटी बसवायची असे आम्ही काही जणांनी ठरवले, तेव्हा ही बाई मला पुन्हा भेटली. एकदा नव्हे, निदान सात-आठ वेळा, वेगवेगळ्या चेहऱ्यांनी. त्यातले काही चेहरे इंजिनियरांचे होते. मग मला या पेटीच्या इतिहासात रस वाटू लागला. घुबडाला घर द्यावे असे माणसाला कधी वाटले आणि का वाटले?

ढोलीपासून वाड्यापर्यंत

मुळात घुबडाला घर लागते ते तयार. सुगरण किंवा शिंपी यांच्यासारखी कारागिरी त्याच्याकडे नाही. बहुतेक घुबडे काडीलाही काडी लावत नाहीत. पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. शृंगी घुबड कड्याच्या कपारीत किंवा ओढ्याकाठच्या दरडीत. गव्हाणी घुबडाला तर अंधारा, कोरडा, कुणी न येणारा कोपरा मिळाला की पुरे. पचले नाहीत असे केस आणि हाडे यांच्या ज्या गोळ्या ते ओकून टाकते, त्यांचा भुगा हेच त्याचे अंथरूण.

म्हणून हे घुबड फार पूर्वी माणसाच्या आश्रयाला आले. त्याच्या मराठी नावातच गव्हाण आहे. इंग्रजीतही त्याचे नाव धान्याच्या कोठारावरून पडले आहे. जिथे धान्य तिथे उंदीर, जिथे उंदीर तिथे हे. इंग्लंडमधल्या जुन्या कोठारांच्या त्रिकोणी भिंतीत वरच्या बाजूला घुबडाला आत-बाहेर करता यावे म्हणून एक भोक मुद्दाम ठेवलेले दिसते. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतात शेतघरांच्या आढ्याच्या टोकाला एक लाकडी त्रिकोणी फळी असते. तिच्यात असेच भोक आणि वर हंसांची नक्षी. आज ती फळी शोभेची वस्तू झाली आहे, पण तिचे नाव अजून घुबडाचेच आहे.

आपल्याकडे असे भोक कुणी मुद्दाम ठेवल्याचे मी वाचलेले नाही. पण त्याची गरजही नव्हती. देवळाची शिखरे होती, वेशीच्या कमानी होत्या, किल्ल्यांचे बुरूज होते, विहिरीच्या आतल्या बाजूचे कोनाडे होते. वाड्यांना माळे होते, आणि ज्या माळ्यावर आजीच्या मोठ्या पातेल्यांखेरीज काही नसे तिथे पांढऱ्या तोंडाचे हे बिऱ्हाड वर्षानुवर्षे भाडे न भरता राहत असे. ‘पडक्या घरावर घुबड बसते’ असे आपण म्हणतो. त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. घुबड बसल्याने घर पडत नाही. घरातली माणसे गेली, झरोके उघडे पडले, की घुबडाला ते घर राहण्यालायक होते. आपल्या मनात मात्र ओसाडी आणि घुबड यांची गाठ उलटी बसली.

ही गाठ जुनी आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात युद्ध हरलेला अश्वत्थामा रात्री वडाखाली बसलेला असतो. झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड झडप घालते आणि त्यांचा संहार करते. ते पाहून झोपलेल्या पांडवसैन्यावर हल्ला करण्याची कल्पना त्याला सुचते. पंचतंत्राचे तिसरे तंत्र तर कावळे आणि घुबडे यांच्या वैराचेच आहे. तिथे घुबडांना राज्य मिळता मिळता राहते आणि शेवटी त्यांची गुहा जाळली जाते. संस्कृतातून आलेला ‘दिवाभीत’ हा शब्दही असाच. दिवसाला भिणारे. खरे तर ते दिवसाला भीत नाही, दिवसा त्याला कावळे सतावतात एवढेच.

मी लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी: घुबडाला दगड मारू नये, ते तो झेलते आणि उगाळत बसते. दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा झिजतो. आता वाटते, ज्याने ही गोष्ट रचली त्याने घुबडाचे मोठे कल्याण केले. भीतीने का होईना, दगड हातातच राहिला.

पिंगळ्याच्या वाट्याला थोडी माया आली. पहाटे अंधारात दारोदार येऊन भविष्य सांगणाऱ्या, पाखराची भाषा कळते असे मानल्या गेलेल्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. जी. ए. कुलकर्ण्यांनी आपल्या एका कथासंग्रहाचे नाव ‘पिंगळावेळ’ ठेवले तेव्हा मराठी वाचकाला ती वेळ कुठली हे समजावून सांगावे लागले नाही. म्हणजे पक्षी एकच कुळातला, पण एकाच्या आवाजात मरण आणि दुसऱ्याच्या आवाजात भविष्य.

उंदरांचे शतक

घुबडाबद्दलचे मत बदलायला घुबड कारणीभूत झाले नाही. उंदीर झाला.

इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने अठराव्या शतकातच, आपल्या गावच्या चर्चच्या वळचणीला राहणाऱ्या घुबडांवर घड्याळ हातात धरून पाळत ठेवली होती. पिल्ले असताना दर पाच मिनिटांच्या सुमारास एक फेरी आणि दर फेरीला एक शिकार, असा त्याचा हिशेब १७८९ मध्ये छापला गेला. वॉटरटनचा हिशेब दर बारा ते पंधरा मिनिटांचा आहे. पण त्याने आणखी एक काम केले. कोनाड्याखाली साचलेल्या गोळ्या फोडून पाहिल्या. एकेका गोळीत चार ते सात उंदरांचे सांगाडे निघाले. कारभारणीच्या भीतीला त्याने दिलेले हे उत्तर होते: हाडांचा पुरावा.

आपल्याकडे उंदराचा हिशेब फार भीषण रीतीने करावा लागला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. १८९७ च्या सुरुवातीला तो पुण्यात पोचला. पुढे रँडच्या घरझडत्या, २२ जून १८९७ चा खून, चाफेकर बंधूंना फाशी, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्या इतिहासात उंदीर फारसा येत नाही, कारण त्या वेळी त्याचा वाटा सिद्ध झालेला नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे दाखवून दिले. त्याच्यावर लगेच कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी त्याचे म्हणणे खरे ठरायला आणखी काही वर्षे गेली. तेव्हापासून उंदीर मारणे हे शहराच्या कारभाराचे काम झाले. मुंबई महापालिकेकडे रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. बॅटरी आणि काठी घेऊन हे लोक गल्लीबोळांतून फिरतात, आणि एकेकाने रात्रीत ३० उंदीर मारायचे असा त्यांचा कोटा. घुबडाचेच काम, पगारी.

मग कुणाला तरी सुचणारच होते, की हे काम घुबडालाच का देऊ नये?

तसे झाले ते मलेशियात. तिथल्या द्वीपकल्पात गव्हाणी घुबड विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विरळाच होते. जंगल तोडून तेलताडाच्या बागा उभ्या राहिल्या आणि उंदरांना जन्मभराची मेजवानी मिळाली. त्यामागोमाग घुबडे आली. पण तेलताडाला ढोली नसते. खायला भरपूर आणि राहायला जागा नाही, अशी नोकरीच्या शहरात होते तशी त्यांची अवस्था झाली. मळ्यांनी खांबांवर लाकडी पेट्या बसवल्या, साधारण दहा हेक्टरांना एक, आणि घुबडांची संख्या झपाट्याने वाढली.

इस्राएलच्या बेत शान खोऱ्यात १९८३ मध्ये स्दे एलियाहू या किबुत्झने अशाच पेट्या लावल्या. सेंद्रिय शेती करणाऱ्यांना उंदरांवर विष टाकायचे नव्हते. पक्षिशास्त्रज्ञ योसी लेशेम यांनी पुढे ही मोहीम देशभर नेली. पण घुबडाला सीमा कुठे समजते? नदीपलीकडच्या जॉर्डनमध्ये विष टाकले तर इकडची घुबडे मरणार. २००२ पासून जॉर्डनचे शेतकरीही यात आले. त्यासाठी जॉर्डनचा एक निवृत्त जनरल पुढे झाला. अरबी समजुतींतही घुबड अशुभ. तिथेही यॉर्कशायरची ती कारभारीण असणारच.

या सगळ्या हकिगती वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घुबडाला कुणी घुबड म्हणून जागा दिलेली नाही. जागा मिळाली ती नोकराला. वॉटरटनचा पक्ष्यांवर जीव होता, तरी कारभारणीला पटवायला त्याला उंदरांचे सांगाडे मोजावे लागले. आमचेही तेच झाले. बागेत पेटी लावण्याच्या परवानगीचा अर्ज मी आधी ‘घुबडासाठी कृत्रिम घरटे’ असा लिहिला होता. एका अनुभवी गृहस्थांनी तो वाचला आणि विषयाची ओळ बदलायला लावली: ‘बागेतील उंदीर व घुशींच्या जैविक नियंत्रणासाठी पेटी बसविणेबाबत’. घुबड हा शब्द दुसऱ्या परिच्छेदात गेला. परवानगी मिळाली.

विषाची गोष्ट

पेटीचा खरा प्रतिस्पर्धी कावळा नाही, साळुंकीही नाही. ती निळ्या-गुलाबी रंगाची विषाची वडी आहे, आणि तिचा इतिहासही सांगायला हवा.

१९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या थंड प्रदेशांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. बुरशी आलेला एका जातीचा चारा खाल्ला की रक्त गोठेनासे होई. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, डबाभर न गोठलेले रक्त आणि तो चारा गाडीत घालून विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या चमूने काही वर्षांत त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच्याच भावंडांतून ‘वॉर्फरिन’ तयार झाले आणि १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. पुढे तेच माणसांचे औषध झाले. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते दिले गेले. आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी गोळ्यांच्या डबीत ते आजही असेल.

उंदीर मात्र हुशार. १९५८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये वॉर्फरिन पचवणारे उंदीर सापडले. त्यांना मारण्यासाठी १९७० च्या दशकात त्याच कुळातली, पण कितीतरी जहाल विषे आली: ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम. आपल्याकडे दुकानात मिळणारी वडी बहुधा यांतल्या पहिल्याची असते.

हे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस, कधी त्याहून जास्त, तो जगतो. या दिवसांत तो मंदावतो, बिळाबाहेर उघड्यावर अडखळत फिरतो. घुबडाच्या दृष्टीने याहून सोपी शिकार नाही. विष उंदराच्या यकृतात असते, तिथून ते घुबडाच्या यकृतात जाते आणि महिनोन्महिने साचत राहते. मलेशियातल्या ज्या मळ्यांत ब्रोडिफॅकम वापरले गेले तिथली घुबडे कमी झाली. पेट्या जागच्या जागी होत्या, राहणारेच गेले.

ब्रिटनचा हिशेब आकड्यांत आहे. १९३२ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समध्ये गव्हाणी घुबडांच्या सुमारे १२,००० जोड्या असल्याचा अंदाज होता. १९८० च्या दशकातल्या पाहणीत त्या ३,८०० च्या आसपास उरल्या. गवताळ जमिनी नांगरल्या गेल्या, जुनी कोठारे पडली किंवा त्यांची झकपक घरे झाली, वेगवान रस्ते आले, शेतीची विषे आली. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांनी हजारो पेट्या लावल्या.

आणि शहरातल्या बागेची गोष्ट हवी असेल तर न्यूयॉर्कची घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका शृंगी घुबडाच्या पिंजऱ्याची जाळी कुणीतरी कापली. फ्लाको नावाचे हे घुबड पिंजऱ्यातच वाढलेले. ते उपाशी मरेल असे सगळ्यांना वाटले. पण ते आठवड्याभरात शिकार करायला शिकले आणि पुढे वर्षभर त्या शहराचे लाडके झाले. २३ फेब्रुवारी २०२४ ला ते एका इमारतीखाली पडलेले सापडले. शवविच्छेदनात कबुतरांमुळे होणाऱ्या विषाणूचा जबर संसर्ग आणि उंदीर मारायची चार वेगवेगळी विषे निघाली. त्याच वर्षी त्या शहराने उंदरांना मारण्याऐवजी त्यांचे प्रजनन रोखणारे खाद्य वापरून पाहण्याचा कायदा केला. त्याला त्या घुबडाचे नाव आहे.

आमची पेटी

आमच्या बागेत पिंगळे होते. म्हणजे आहेत, पण पूर्वी जास्त होते. बागेच्या कडेचा एक जुना पर्जन्यवृक्ष धोकादायक ठरवून उतरवला गेला. त्याला निदान तीन ढोल्या होत्या. मेलेली फांदी माणसाला धोका वाटते आणि पिंगळ्याला घर, हा वाद मिटणारा नाही. गव्हाणी घुबडांची जोडी त्याआधी शेजारच्या बैठ्या बंगल्याच्या माळ्यावर असे. बंगल्याच्या जागी सात मजली इमारत आली. तिला सरकत्या काचा आहेत आणि एकही झरोका नाही.

पेटी बनवणाऱ्या सुताराला मी चित्र काढून दिले. त्याने ते उलटे धरले आणि म्हणाला, “साहेब, दार खाली असतं हो.” घुबडाच्या पेटीत ते वर असावे लागते. भोकापासून तळापर्यंत निदान ४५ सेंटिमीटर खोली हवी. या पक्ष्याची मादी पहिले अंडे घातल्याबरोबर उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले एकदम न निघता दोन-दोन दिवसांच्या अंतराने निघतात आणि पेटीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहान-मोठी बसलेली असतात. आठवडे उलटतात तशी मोठी दाराशी गर्दी करतात. पेटी उथळ असली की धक्काबुक्कीत एखादे खाली येते. हे ऐकल्यावर सुताराने स्वतःहून दारासमोर छोटी फळी आणि पुढे आलेले उतरते छप्पर सुचवले. आपल्या उन्हासाठी छप्पर दुहेरी केले, मधे हवा खेळेल असे. तळाला पाणी निथळायला भोके. बसवली ती बागेच्या मागच्या बाजूला, दिव्यांपासून लांब, एका उंच कडुनिंबावर.

दिवा टाळायचे कारण घुबडाच्या कानात आहे. रॉजर पेन या अमेरिकन संशोधकाने मिट्ट काळोख केलेल्या खोलीत जमिनीवर वाळकी पाने पसरली आणि घुबडासमोर दोरीला बांधलेला कागदाचा बोळा ओढला. घुबडाने बोळ्यावर अचूक झेप घेतली. वास नाही, ऊब नाही, नुसती पानांची सळसळ. त्याच्या एका कानाचे छिद्र दुसऱ्यापेक्षा किंचित वर असते. आवाज दोन्ही कानांत वेगळा पोचतो आणि त्या फरकावरून ते शिकारीची जागा ठरवते. हेच पेन पुढे देवमाशांची गाणी जगाला ऐकवून प्रसिद्ध झाले. ज्याला काळोखात ऐकू येते त्याला आपण चोवीस तास झगझगीत दिवे आणि लाउडस्पीकर देतो.

वाद झाला तो विषावरून. बागेत कंत्राटदारामार्फत महिन्याला विषाच्या वड्या ठेवल्या जात. पेटी असेल तर वड्या बंद करा, असे आम्ही म्हणालो. तेव्हा सोसायटीच्या बैठकीत शेजारच्या इमारतीतल्या एक बाई उठल्या. त्यांच्या मुलाला दोन पावसाळ्यांपूर्वी लेप्टो झाला होता. बारा दिवस तो रुग्णालयात होता. त्या म्हणाल्या, “तुमचं घुबड कधी येणार ते सांगा. तोवर माझ्या मुलानं उंदराच्या मुतातून चालायचं का?”

या प्रश्नाला वॉटरटनकडे उत्तर नाही. त्याच्या कारभारणीची भीती कल्पनेतली होती, या बाईंची नव्हती. घुबडे उंदीर संपवत नाहीत, कुठलाच शिकारी आपले अन्न संपवत नाही. ती फक्त संख्येला आवर घालतात, तोही ती आली तर. खरे उत्तर कंटाळवाणे निघाले: ओल्या कचऱ्याचे झाकणबंद डबे, कबुतरांना धान्य टाकणे बंद, गटाराच्या फुटलेल्या जाळ्या बदलणे, आणि विषाऐवजी पिंजरे. त्या बाईच या कामाच्या प्रमुख झाल्या. घुबडासाठी नव्हे, मुलासाठी. एका वर्षापुरत्या वड्या बंद करायच्या आणि नंतर पुन्हा बसून ठरवायचे, असा ठराव झाला.

सेक्रेटरींनी एक अट घातली. या काळात पेटीमुळे ‘कोणताही अनुचित प्रकार’ घडल्यास जबाबदार कोण, हे लेखी द्या. अनुचित प्रकारात काय काय येते हे कुणी विचारले नाही, पण मागच्या रांगेतल्या दोन-तीन काकूंच्या चेहऱ्यावरून मला अंदाज आला. वॉटरटनने तोंडी दिले होते ते मी कागदावर सही करून दिले.

भाडेकराराचे वर्ष

पहिले चार महिने पेटीत साळुंक्या होत्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी आणि एक मोजा आणून ठेवला. मग त्या गेल्या. पावसाळ्यानंतर माळीकाकांनी खोडावर पांढरे ओघळ पाहिले आणि खाली एक काळसर, अंगठ्याएवढी गोळी. वसाहतीतल्या मुलांनी ती पाण्यात भिजवून दाभणाने सोडवली. तीन कवट्या निघाल्या. दोन उंदराच्या, एक लांबट तोंडाची, चिचुंद्रीची असावी. लेप्टोतून उठलेला मुलगा त्यांत होता. त्याने कवट्या काळ्या कागदावर चिकटवल्या आणि खाली तारीख लिहिली.

अंडी घातलेली नाहीत. एक पक्षी मुक्कामाला येतो, एवढेच खात्रीने सांगता येते. दिवाळीच्या दिवसांत माळीकाका आणि वॉचमन यांनी रात्री आळीपाळीने त्या बाजूला चक्कर मारली, कारण २०१० मध्ये ‘ट्रॅफिक इंडिया’च्या अहवालाने जे उजेडात आणले ते अजून चालते. भारतात घुबडांच्या साधारण ३० जाती आहेत. त्यांतल्या १५ बाजारात विकल्या जाताना आढळल्या, आणि जादूटोणा व बळी यांसाठी ही मागणी दिवाळीच्या सुमारास वाढते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे सगळे गुन्हा आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून पुजायचे आणि लक्ष्मी यावी म्हणून मारायचे, दोन्ही एकाच रात्री.

वर्ष येत्या जूनमध्ये संपते. पिंजऱ्यांत सापडलेल्या उंदरांची वही त्या बाईंकडे आहे, आणि तिच्यातले आकडे कुणाच्याही बाजूने ठामपणे बोलत नाहीत. पावसाळ्यात वाढले, नंतर उतरले. कंत्राटदाराचे पुढच्या वर्षाचे दरपत्रक येऊन पडले आहे. ठराव फिरवला तर पेटी झाडावर तशीच राहील, रात्रीचा पाहुणा येतही राहील, आणि अडखळत चालणारा उंदीर त्याला फार सोपा मिळेल. त्यापेक्षा पेटी उतरवलेली बरी, असे मी बैठकीत सांगणार आहे. विष ठेवायचे असेल तर जागा देऊ नये. इतकी तरी सचोटी घरमालकाने पाळावी.

माझी सही असलेला कागद सेक्रेटरींच्या फायलीत आहे. अद्याप कोणताही अनुचित प्रकार घडलेला नाही.